उजव्या बाजूची वाटी

माझे पप्पा, रोहिदास, कंपनीतून रिटायर झाले, पण घरात त्यांची शिफ्ट चालूच आहे. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत काहीही बिघडलं की ते पाच वेळा 'का' विचारतात. मेंटेनन्समध्ये तसं शिकवलं होतं म्हणे, पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागतं. आमटी करपली तेव्हाही त्यांनी सुरुवात केली होती. तिसऱ्या 'का'ला मम्मीने उलथनं उचललं आणि चौकशी तिथेच मिटली.

यंदा मार्चमध्ये आजीने, म्हणजे चतुराबाईंनी, पप्पांना बजावलं, "जयंतीला पिंपरीला पुतळ्याला जाईन ती तुज्या बापाच्या सायकलीच्या कॅरेजवर बसून. न्हाईतर जाणारच न्हाई."

दर चौदा एप्रिलला आजोबा तिला त्याच सायकलवरून न्यायचे. ते गेल्यापासून सायकल जिन्याखाली गंजत पडली होती. मागच्या वर्षी आम्ही आजीला रिक्षात बसवलं, तर ती पुलावर उतरून चालत घरी आली. तिचे गुडघे आता पुढच्या वर्षाची हमी देत नाहीत आणि तिचा हट्ट कुणाच्या बापाला ऐकत नाही. पप्पांनी सायकल बाहेर काढली.

घासूनपुसून ती छान निघाली, फक्त पायडलचा मधला दांडा करकरत होता. आतल्या बेअरिंगच्या गोळ्या बदलायच्या तर फ्रेमच्या दोन्ही बाजूंना बाटलीच्या झाकणासारख्या आट्यांवर बसवलेल्या वाट्या काढाव्या लागतात. डावी वाटी मुकाट्याने निघाली. उजवी हलेना. पप्पांनी मोठा पाना लावला, पान्याला पाइप अडकवला आणि म्हणाले, "आयुष्यभर नट खोललेत मी." मग ते पाइपला लटकले. कड्कन आवाज झाला आणि वाटी जागच्या जागी गरगर फिरायला लागली. तिच्याबरोबर फ्रेमचे आटेही भुगा होऊन बाहेर आले.

मी फोनवर शोधून त्यांना दाखवलं. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, तिकडे ढिलं करायला घट्ट करायच्या बाजूला फिरवावं लागतं.

पप्पांनी फोन परत दिला आणि स्वतःचीच चौकशी लावली. वाटी का फिरतेय? आटे गेले. आटे का गेले? उलट्या बाजूला जोर लावला. जोर का लावला? आटेच उलटे होते. उलटे का होते?

"करणाऱ्याचं डोकं फिरलं होतं," ते म्हणाले, आणि पाचव्या 'का'ची गरजच उरली नाही.

भोसरीत त्यांचा जुना दोस्त सोनबा याचं लेथचं वर्कशॉप आहे. त्याने फ्रेमचं भोक मोठं करून आत नवा बुश, म्हणजे लोखंडी नळीचा तुकडा, बसवला, पितळेने जोडला आणि आटे पाडायच्या आधी विचारलं, "रोहिदासभाऊ, उलटेच पाडू ना?"

"सरळ पाड. वाटीपण लेथवर तशीच कात. पुढच्या पिढीला ताप नको."

"राव, उलटे होते म्हणजे कायतरी कारण असंल."

"कारण मी तपासलंय," पप्पा म्हणाले.

चौदा तारखेला आजी पांढरं पातळ नेसून, पायात माझे स्पोर्ट्स शूज घालून कॅरेजवर बसली. पप्पा पायडल मारत होते, मी बाजूने पळत होते. आजी ओळखीच्या प्रत्येकाला हात करत होती. पूल लागला आणि खडखड सुरू झाली. पप्पांनी उतरून उजवी वाटी हाताने आवळली. थोडं पुढे गेले, पुन्हा तेच. पुन्हा आवळली.

"आमू," ते हळूच मला म्हणाले, "पायडल मारलं की ही आपोआप सुटतेय. म्हणून उलटे होते."

चौथ्या 'का'चं उत्तर त्यांना भर रस्त्यात, निळ्या झेंड्यांच्या गर्दीत मिळालं. एरवी मी त्यांना चिडवल्याशिवाय सोडलं नसतं. पण त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

पूल संपता संपता वाटी गळून पडली. गोळ्या रस्त्यावर पांगल्या, चेन लोंबायला लागली. पप्पांनी उतरून सायकल सावरून धरली. त्यांचे डोळे भरले होते.

"आई, चुकलं माझं. उतर, रिक्षा बघतो."

"रिक्षा कशाला? ढकल की."

"पायडलच गेलं ना आता."

"तुजा बाप कवा पायडल मारायचा रं मला बसवून? ह्या गर्दीत? त्यो ढकलतच न्यायचा. म्या बसायची, त्यो चालायचा. लोक हसायचे, त्यो म्हणायचा, हसू दे."

पप्पा तिच्याकडे वळले. "मग महिनाभर बोलली का नाहीस?"

"तू सायकलीला इचारत बसलास. मला कुटं इचारलंस?"

पप्पांनी एक हात हँडलला लावला, दुसरा सीटवर ठेवला आणि चालायला लागले. मी वाटी उचलून पर्समध्ये टाकली. पुतळ्यापर्यंत आजी एकदाही खाली उतरली नाही.