खिडकी क्रमांक चारची जावक

शिक्केकाकांचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठेच उरलं नव्हतं. तेवीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत होते. म्हणजे आलेला कागद वहीच्या एका रकान्यात चढवायचा, गेलेला दुसऱ्या रकान्यात, आणि दोन्ही वेळा शिक्का हाणायचा. आत आलेला कागद कधी ना कधी बाहेर गेलाच पाहिजे, यावर त्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी लोकांची देवावरही नसते. तेवीस वर्षांत एक रजा नाही. माणूस सरळ होता हो, पण सरळपणालाही काही सुमार असतो की नाही?

ह्या सरळपणापायीच घरात आठ महिने अबोला चालला होता. झालं होतं एवढंच, की सोळा वर्षांच्या लेकीने एकदा त्यांच्या ताटाशेजारी चिठ्ठी सरकवली: 'बाबा, मैत्रिणींबरोबर सहलीला जाऊ का?' काकांनी घास चावता चावता खिशातलं लाल पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'तारीख नाही. सही नाही. फेरसादर करावे.' लेकीने काही फेरसादर केलं नाही. सहल गेली, तिच्यामागोमाग लेकीचं बोलणंही गेलं. तेव्हापासून ती खोलीचं दार लोटून वाचत बसे. 'राखाडी नगरी' नावाची मालिका, एकेक भाग उशीएवढा जाड.

"तिच्याशी बोलायचंय ना तुम्हाला? मग ती पुस्तकं वाचा," बायको एक दिवस म्हणाली. "तुम्हा दोघांचे निरोप पोचवून माझे पाय दुखले."

काकांनी पहिला भाग बिचकतच उघडला. नगरीत सोळावं लागलं की प्रत्येक मुलाच्या मनगटाला रंगीत फीत बांधायची, रांगेत उभं करायचं, कागदावर शिक्का मारायचा आणि तटाबाहेरच्या खाणींत धाडून द्यायचं. पुढे ठिणगी नावाची पोरगी बंड करते. हे वाचून घरोघरच्या मुली हुंदके देत होत्या. काकाही भारावले, पण भलत्याच गोष्टीने.

"दहा हजार मुलं, आठ रंग, आणि एकाची फीत दुसऱ्याला गेली नाही!" सकाळी चहा घेताना ते पाणावल्या डोळ्यांनी म्हणाले. "काय ते नियोजन!"

लेकीने आठ महिन्यांत पहिल्यांदाच मान वर केली. "अंगावर काटा येतो ना, बाबा?"

"येतो काय! कालपासून बसलेला नाही."

दोघांच्या अंगावरचे काटे वेगवेगळ्या कारणांनी आलेत हे बायकोच्या तेव्हाच लक्षात आलं. पण ती चहा ढवळत राहिली. शहाणी बाई.

मग काय, बापलेकीचं मेतकूट जमलं. चार भाग झाले. पाचव्याची वाट बघताना तसल्याच इतर पुस्तकांचाही फडशा पडला. एका राज्यात सावलीवर बंदी होती, दुसऱ्यात हसायला परवाना लागायचा. "पण अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा ते लेखकाने दिलेलंच नाही," अशी काकांची तक्रार. शेवटी त्यांनी राखाडी नगरीची आवक-जावक वहीच घातली. पात्र पुस्तकात शिरलं की आवक, पान क्रमांकासह. मेलं, पळालं किंवा लग्न करून सुखी झालं की जावक. लेक आधी खो खो हसली. नंतर मैत्रिणींशी वाद झाला की म्हणू लागली, "थांब, बाबांना विचारते." काकांना ते बढतीच्या आदेशापेक्षा मोठं वाटायचं.

पाचवा आणि शेवटचा भाग एका रविवारी सकाळी पुस्तकांच्या दुकानात येणार होता. "तुम्ही पण येता?" लेकीने विचारलं. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कचेरीची बॅग खांद्याला लावून निघाले.

दुकानापुढे दीडशे पोरांची झुंबड. नगरीतल्या मुलांचं सोंग म्हणून फाटके कपडे, गालांना काजळी, मनगटांना फिती, आणि सगळे एकमेकांच्या पायांवर. दुकानदार स्टुलावर चढून कोकलत होता, त्याचं कोण ऐकतंय! काकांना ते बघवेना. त्यांनी एक रिकामं खोकं उपडं घातलं, त्यावर बसकण मारली, बॅगेतून शिक्का आणि शाईचं पॅड काढलं आणि गरजले, "रांग! कागदाशिवाय कुणी पुढे येणार नाही!"

मग आनंदाची अशी आरोळी उठली की दुकानदार स्टुलावरून पडला.

"अरे, नगरीचा अधिकारी! काय हुबेहूब सोंग आहे!"

"काका, माझा अर्ज फेटाळा ना, प्लीज!"

"माझा पण! जरा तुसडेपणाने!"

काकांनी कपट्यांवर खरडलेले एकसष्ट अर्ज फेटाळले, एकही त्रुटीशिवाय नाही. एका मुलीच्या चिठ्ठीवर तारीख आणि सही दोन्ही होती, तिचा नाइलाजाने मंजूर केला. ती बिचारी रडायला लागली. दुकानाने ठेवलेलं उत्कृष्ट वेषभूषेचं बक्षीस अर्थात काकांना मिळालं. "हा वेष नाही, मी असाच असतो," असं त्यांनी परोपरीने सांगितलं, तेव्हा तर टाळ्या थांबेनात. सुरुवातीला शरमेने कपाटामागे दडलेली लेक पुढे येऊन ज्याला त्याला सांगत सुटली, "माझे बाबा आहेत ते!"

पुस्तक लेकीने दोन दिवसांत संपवलं, मग काकांनी हातात घेतलं. पान चारशे बारावर बंडखोर ती शिक्के मारायची इमारतच पेटवतात आणि सगळी नगरी रस्त्यावर नाचते. काकांनी पान उलटलं. परत मागे आले. शेवटपर्यंत गेले. मग त्यांनी वहीची बेरीज केली. आवक दोनशे अठरा, जावक दोनशे सतरा.

"खिडकी क्रमांक चारवरचा कारकून कुठे गेला?" त्यांनी स्वयंपाकघरात येऊन लेकीला विचारलं.

"कोण?"

"पहिला भाग, पान नव्वद. 'खिडकी क्रमांक चारवरच्या कारकुनाने मान वर न करता शिक्का मारला.' प्रत्येक भागात एकेकदा येतो तो. इमारत जळली तेव्हा तो आत होता का बाहेर? हे लिहायला नको?"

"तो दुष्टांचा माणूस होता, बाबा. जळला असेल."

"शिक्का मारायचा, एवढंच त्याचं काम होतं गं." काका कळवळून म्हणाले. "कुणाच्या केसाला धक्का लावला नाही त्याने. त्याच्याही घरी कुणीतरी असेल की."

"असेल ना. पण समोर कोण उभं आहे ते एकदा तरी बघायचं त्याने." लेकीचे डोळे भरून आले. "मी चिठ्ठी ठेवून निघून गेले नव्हते. तिथेच उभी होते मी."

काकांनी आठवून आठवून पाहिलं. कागद आठवला, अक्षर आठवलं, ताटातली आमटीसुद्धा आठवली. मुलगी काही आठवेना. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

तीन दिवस वही टेबलावर उघडीच होती. काकांचं जेवणात लक्ष नव्हतं, शिक्के वाकडे पडत होते. चौथ्या दिवशी सकाळी रिकाम्या रकान्यात लेकीचं अक्षर दिसलं: 'आग लागली त्या दिवशी सदर कारकून रजेवर होता. मुलीबरोबर सहलीला गेला होता.' खाली तारीख. त्याखाली सही.

सवयीने त्यांचा हात लाल पेनाकडे गेला आणि तसाच परत आला. त्रुटी नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीच्या दारावर टकटक केली. हातात तेवीस वर्षांतला पहिला रजेचा अर्ज होता. "जरा तपासून देतेस? मला सराव नाही ह्याचा."

लेकीने कपाळाला आठ्या घालून वाचलं. रजेचं कारण: 'कार्यालयास आग लागण्याची शक्यता असल्याने मुलीबरोबर सहल.' तिने ओठ दाबून हसू आवरलं, बापाच्या खिशातलं लाल पेन उपसलं आणि रिकाम्या जागेवर टेकवलं.

"सही आहे," ती म्हणाली. "पण तारीख नाही, बाबा."

"ती तू घाल," काका म्हणाले. ह्या खेपेला ते कागदाकडे नाही, तिच्याकडे बघत होते. "कधी जायचं, ते तुलाच विचारायचं होतं."