मत द्यायचं राहून गेलं

ट्रिंग. बाळ नुकतंच झोपलं होतं, घर चिडीचूप होतं, आणि मी वाजलो. कॉरीन ओल्या हातांनीच धावत आली.

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या फार्गो शहरात एका स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा जुना पिवळा फोन आहे. साच्यातून निघालो तेव्हा लोण्यासारखा चकचकीत होतो. बोलता बोलता शेगडीपर्यंत जाता यावं म्हणून कॉरीनच्या वडिलांनी मला लांबलचक वेटोळी वायर जोडून दिली. पुढे वडील गेले. अंत्यविधीच्याच दिवशी तिचं थोरल्या बहिणीशी, जॅनिसशी, भांडण झालं आणि बिस्मार्क शहरातून येणारा तो आवाज दोन वर्षं मी ऐकला नाही.

त्या सोमवारी तो आला. ना विचारपूस, ना प्रस्तावना.

"टीव्ही लाव," जॅनिस म्हणाली. "एक बसवाली नाचतेय. पाय बघ तिचे."

स्पर्धाच तशी होती. साध्या माणसांनी स्वतः पोशाख शिवायचा आणि तो घालून नाचायचं. लॉरेटा मोंटानात शाळेची बस चालवायची, पंचावन्न वर्षांची. जॅनिसने चर्चच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं पोल्का नाच शिकवलेला, म्हणून तिची नजर पायांवर. कॉरीन नवरीचे झगे मापात बसवून द्यायची, म्हणून तिची नजर शिवणीवर.

"पाय राहू दे. घेर बघ. गिरकी घेतली तरी कुठे ओढ नाही."

"तू शिवणीच बघ. स्वतःच्या लग्नात माझ्या पायांचा भुगा केला होतास."

कॉरीन हसली. तिचं हसू माझ्या अंगभर झिणझिणलं.

मग दर सोमवारी मी वाजू लागलो. एकीला जो नाचणारा डौलदार वाटे, तो दुसरीला काठी गिळल्यासारखा. परीक्षकांना तर दोघींनी मिळून कधीच कामावरून काढून टाकलं होतं. लॉरेटावर मात्र एकमत.

शेवटून दुसऱ्या फेरीत ती गेलेल्या नवऱ्याच्या शर्टांचा झगा शिवून नाचली. परीक्षकांनी गुण कमी दिले. आता प्रेक्षकांची मतंच तिला तारणार होती. ती फोनवरूनच द्यायची, तीही अर्ध्या तासात. पण जॅनिस तिच्या पायांचं कौतुक करत होती, आणि वेगवेगळ्या शर्टांच्या चौकड्या इतक्या नेमक्या जुळवणं किती कठीण, हे कॉरीन तिला समजावत होती. माझा जीव वरखाली होत होता. माझी तार एकच. तिच्यावरून बहिणी बोलतील, नाहीतर मत जाईल.

दुसऱ्या संध्याकाळी निकाल लागला. थोडक्या मतांनी लॉरेटा बाहेर. मी वाजलो.

"तू मत दिलं होतंस ना?" जॅनिसने विचारलं.

"मला वाटलं, तू..."

तार मुकी झाली. ही शांतता मी ओळखतो, मित्रांनो. ती लांबली की माणसं फोन ठेवतात आणि पुन्हा उचलत नाहीत. कॉरीनने वायर बोटाला घट्ट गुंडाळली. मग बिस्मार्कहून फिस्सकन हसू आलं.

"अर्धा तास तिचं कौतुक केलं," जॅनिस म्हणाली, "आणि बिचारीला आपणच घरी पाठवलं." जरा थांबून ती हळूच म्हणाली, "कॉरी, ठेवू नकोस हं."

कॉरीनने ठेवला नाही. त्या दिवशी ओव्हनमधला बटाट्याचा हॉटडिश करपला, तरीही नाही.

आता दोघी बहिणी मोबाइलवर बोलतात. माझी तार कापली गेली, पिवळा रंग विटला. पण कॉरीन मला अजून पुसते. माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंवर धूळ बसू देऊ नका, आणि नात्यांवरही. समोरचा कधी वाजेल याची वाट बघू नका.

काल मला पुसताना कॉरीन ही सगळी गोष्ट विलाला सांगत होती. विला म्हणजे तेव्हाचं ते बाळ, आता सहा वर्षांची. तिने माझा रिसीव्हर कानाला लावला, ऐकल्यासारखं केलं आणि विचारलं,

"मग आई, आधी तू का नाही केलास फोन?"