पेशींना झोपू द्या

लंबकाने मला मागणी घातली ती दवाखान्याच्या बाकावर, दोघे तपासणीचं रक्त द्यायला बसलो असताना. तो घड्याळं दुरुस्त करतो आणि चालताना डावीउजवीकडे झुलतो, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. आम्हा दोघांनाही एचआयव्ही, पण जुना, गोळ्यांनी दाबून टाकलेला.

"एकदा विधवा झालेय," मी म्हणाले, "पुन्हा हौस नाही. तुमच्या सीडी-फोर पेशी आधी वर येऊ देत, मग बोला."

या पेशी म्हणजे अंगातले राखणदार. विषाणू दबला की सहसा त्या हळूहळू वाढतात. माझ्या वाढल्या. लंबक इमानाने गोळ्या घ्यायचा, तरी त्याच्या पेशी आपल्या तळाला बसलेल्या.

"मला आजवर कुणी पेशींवरून नाकारलं नव्हतं," तो म्हणाला.

"नाकारलं कुठे? ताटकळत ठेवलंय."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी आणखी तपासण्या केल्या आणि चोर सापडला. लंबकाच्या यकृतात हेपटायटिस सी नावाचा दुसराच विषाणू ठाण मांडून बसला होता. कधी शिरला, कोण जाणे.

"पहिला गप्प आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण हा दुसरा सारखी कुरापत काढतो. म्हणून तुमच्या पेशी कायम जाग्या, कायम कंबर कसून उभ्या. अशाने त्या थकतात, धड लढत नाहीत आणि लवकर मरतात. याच्यावर गोळ्या आहेत, काका. हा पूर्ण जाऊ शकतो."

"म्हणजे आत रात्रंदिवस गजर वाजतोय," लंबक म्हणाला.

"तसंच समजा," बाई म्हणाल्या, आणि तिथेच घोळ झाला.

त्या दिवसापासून लंबक दिसेना. एरवी रोज संध्याकाळी तो माझ्या शिवणाच्या खोलीत हजर असायचा, कधी तुटलेलं बटण घेऊन, कधी स्वतःच तोडलेलं.

"आई, नवरदेव पळाला वाटतं," लेक म्हणाली.

"पळायला पाय सरळ पडावे लागतात," मी म्हणाले. पण त्या दिवशी मी एका सदऱ्याची बाही गळ्याला जोडली. लेकीने तो सदरा दिवसभर खुंटीवर मिरवला.

मग मीच उठले आणि चार शब्द सुनावायला त्याच्या दुकानात गेले. एरवी त्या दुकानात खुराड्यासारखी टिकटिक असते. आज चिडीचूप. भिंतीवरची सगळी घड्याळं बंद, त्यांचे लंबक दोऱ्यांनी बांधलेले. पडदा ओढून हा गृहस्थ खुर्चीत बसलेला, पाय स्टुलावर, कानात कापूस.

"हळू," तो कुजबुजला. "झोपल्यात."

"कोण?"

"पेशी."

मी दाराला टेकले.

"थकल्यात बिचाऱ्या," तो म्हणाला. "गोळ्या संपेपर्यंत त्यांना उठवायचं नाही असं ठरवलंय. चालणं बंद, हसणं बंद. तुमच्याकडे येणं तर बंदच. तुम्हाला पाहिलं की छाती धडधडते, निम्म्या तरी उठून बसत असतील."

सुनावायला आणलेले शब्द कुठल्या कुठे गेले. मला हसू फुटलं. त्याने ओठ आवळले, गाल फुगवले, वांग्यासारखा जांभळा झाला, आणि मग असा फुटला की स्टूल उलटलं.

"सगळी मेहनत पाण्यात," डोळे पुसत तो म्हणाला.

मी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळ टेबलावर टेकलं. खांदे तेवढे हलत होते.

"काका, पेशींना विषाणू उठवतो, या बाई नव्हेत," त्या वर बघून म्हणाल्या. "चाला, हसा, रोज यांच्याकडे जा. गोळी तेवढी चुकवली नाहीत ना?"

"एकही नाही."

"घड्याळं बंद असताना?"

"शेजारच्या न्हाव्याला वेळ विचारायचो," लंबक म्हणाला. बाईंचं कपाळ पुन्हा टेबलावर.

लंबक पुन्हा झुलत येऊ लागला, पण घड्याळं त्याने निकाल लागेपर्यंत बांधूनच ठेवली. गोळ्या संपल्या. मधे काही महिने गेले, पुन्हा रक्त दिलं, पुन्हा त्याच बाकावर बसलो. दुसरा विषाणू सापडला नाही. पेशी चढू लागल्या होत्या.

"पण सावकाश," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून बराच पल्ला आहे."

बाहेर आल्यावर लंबक तिरक्या नजरेने मला पाहू लागला. "तुमच्याएवढ्या नाहीत."

"मी शिखर कुठे मागितलं होतं? उठून चालायला लागल्या, पुष्कळ झालं."

"आणि पुन्हा विधवा झालात तर?"

"तुम्ही विधुर व्हाल त्याचं काय? माझ्या पेशींची हमी कुणी दिलीय? चला, दोरे कापायचेत."

दुकानात मी माझी शिवणाची कात्री चालवली आणि तो मागून किल्ल्या देत गेला. प्रत्येक घड्याळ आपापल्या वेळेला थांबलेलं, म्हणून कुणाचा कुणाशी मेळ नाही. एकाने ठोके दिले, दुसऱ्याने गजर धरला, मग सगळी भिंतच कोकलायला लागली. न्हावी वस्तरा घेऊन धावत आला. त्याच्यामागे अर्ध्या दाढीला फेस लावलेलं गिऱ्हाईक.

"आग लागली का?" न्हावी ओरडला.

"लग्न ठरलं," मी म्हणाले. त्या कल्लोळात कुणालाच ऐकू गेलं नाही. लंबकही, कानात कापूस नसून, भिंतीपुढे नुसता झुलत उभा होता. म्हणून मला ते पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, आणि प्रत्येक वेळी जास्त मोठ्याने.