माझ्या डाव्या मडगार्डवरची मूठ

मित्रांनो, मी एक जुनी डुक्कर फियाट आहे आणि मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या गाडीने मंद आवाजात आठवणी सांगाव्यात, मुलांनी गालावर हात ठेवून ऐकाव्यात, अशी रीत आहे. मी प्रयत्न करीन. पण मध्येच माझा आवाज चढला तर तो इंजिनाचा दोष समजू नका. माझे इंजिन उत्तम आहे. ते कोणी उत्तम केले, हेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म १९५६ साली कुर्ल्याच्या कारखान्यात झाला. माझे नाक पुढे फुगीर आणि पाठ गोल, म्हणून लोकांनी मला डुक्कर म्हटले. या नावाचा मला कधीच राग आला नाही. ते प्रेमाने ठेवलेले होते. डहाणूजवळच्या नरपडच्या एका चिकूवाडीच्या मालकांनी मला विकत घेतले आणि म्हातारपणी वाडी सोडून जाताना मला आपल्या दिवाणजींच्या स्वाधीन केले. दिवाणजी दर रविवारी मला पुसत. स्टेअरिंगखालचा गिअर टाकताना त्यांची करंगळी थोडी वर राहत असे, ते मला अजून आठवते.

दिवाणजी गेले आणि मी वाडीतल्या छपराखाली उभी राहिले. चौदा वर्षे. माझे तोंड उत्तरेला होते, म्हणजे डावी बाजू समुद्राकडे. खारा वारा रोज त्या बाजूने येई आणि रोज थोडा थोडा पत्रा खाई. दिवाणजींच्या घरच्यांना माझा एकच उपयोग सापडला. काचा बंद केल्या की माझ्या पोटात चांगली ऊब राहते, म्हणून ते माझ्या आसनांवर चिकू पसरून पिकवू लागले. चौदा हंगाम मी चिकू पिकवले. तो गोड, जड वास माझ्या गादीत इतका मुरला की पुढे नवी गादी बसवली तरी तो गेला नाही. अपमान होता, पण उबदार होता. निदान कोणी रिकाम्या हाताने माझ्याकडे येत नव्हते.

२०१४ मध्ये दिवाणजींचे चिरंजीव प्रविण सर यांनी भंगारवाल्याला बोलावले. सर डहाणूच्या शाळेत शिकवतात. भंगारवाल्याने मला टायरवर लाथ मारली आणि वजनावर अकरा हजार सांगितले. सरांचा चेहरा उतरला. माणूस मुळात वाईट नाही, मित्रांनो. हे मी रागातही कबूल करते. त्यांनी भंगारवाल्याला परत पाठवले आणि मला टेम्पोवर चढवून तलासरीला काशीनाथकडे नेले.

काशीनाथचे गॅरेज म्हणजे महामार्गाच्या कडेला चार खांब, वर पत्रे आणि मागे त्याचे घर. तो माझ्याभोवती दोनदा फिरला, माझ्या डाव्या मडगार्डमधून बोट आरपार घातले आणि हसला. म्हणाला, सर, ही गाडी नाही, ही चाळण आहे. मग मजुरी ठरली. ती सरांनी पुढे महिन्याच्या महिन्याला चुकती केली, त्यात खोट नाही. काशीनाथने वर एकच गोष्ट मागितली. त्याच्याकडे ट्रक येत आणि रिक्षा येत. जुन्या गाड्यांचे काम त्याला कोणी देत नसे, कारण त्याला ते येते हे कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्याला माझे नाव सांगा, एवढेच त्याचे मागणे. सरांनी त्याच्या हातावर हात ठेवून होकार दिला. मी तेव्हा चाकांशिवाय विटांवर उभी होते, पण मी ऐकत होते.

तीन वर्षे लागली. कार्बोरेटरचे सुटे भाग त्याने अर्ध्या गुजरातेतून जमवले. डावे मडगार्ड मात्र कुठेच मिळेना. शेवटी काशीनाथने वापीहून कोरा पत्रा आणला, वाळूने भरलेल्या पोत्यावर ठेवला आणि लाकडी मोगरीने ठोकायला बसला. उजव्या मडगार्डवर तळहात फिरवायचा, डोळे मिटून त्याची गोलाई मनात धरायची आणि डावीकडे तीच उतरवायची. सात आठवडे मी माझेच अंग दुसऱ्यांदा घडताना पाहिले. कारखान्यात मला यंत्राने दोन मिनिटांत दाबले होते. तिथे मला कोणी डोळे मिटून स्पर्श केला नव्हता.

मडगार्ड बसले त्या दिवशी काशीनाथची बायको यमुना वाटीत तांदळाच्या पिठाचे पाणी घेऊन आली. त्यांच्याकडे नवी कणगी घरात आली की तिच्यावर पिठात बुडवलेल्या मुठीचा ठसा देतात. त्याशिवाय धान्य भरत नाहीत. यमुनेने बॉनेट उघडायला लावले, डाव्या मडगार्डच्या आतल्या अंगाला मूठ टेकवली आणि म्हणाली की आता ही घरची झाली. काशीनाथने तो पांढरा ठसा पुसला जाऊ नये म्हणून त्यावर रंगहीन लॅकर मारले. मित्रांनो, माझ्या अंगावर कंपनीचा शिक्का आहे, क्रमांक आहे, नंबरप्लेट आहे. पण सही एकच होती, ती ही.

मी वाडीत परत आले आणि २०१८ च्या सुरुवातीला सरांनी मला विकायचे ठरवले. त्यांना डहाणूत घर घ्यायचे होते. माझी किंमत काय असावी, यासाठी ते रोज संध्याकाळी मोबाइलवर जाहिराती पाहत. माझ्यासारख्या गाड्यांच्या किमती तीन लाखांपासून सात लाखांपर्यंत पसरलेल्या होत्या आणि सर या दोन आकड्यांच्या मध्ये हरवून गेले. मग एके ठिकाणी त्यांनी वाचले की ज्या गाडीचे सर्व भाग मूळचे असतात तिला दीडपट भाव येतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहिरात लिहिली. किंमत सहा लाख. आणि खाली एक ओळ: सर्व भाग मूळचे, कंपनीचे.

त्या रविवारी ते सँडपेपर घेऊन माझ्याजवळ आले. बॉनेट उघडले. यमुनेची मूठ खरवडण्याआधी त्यांनी सँडपेपर दोनदा खाली ठेवला, हे मी सांगितलेच पाहिजे. पण तिसऱ्यांदा उचलला. वर त्यांनी काळा रंग फासला. पत्र्याला दुखत नाही, मित्रांनो. मला दुखले नाही. मला राग आला. समुद्राने माझी डावी बाजू खाल्ली तेव्हाही आला नव्हता, कारण समुद्राने मला कधी शब्द दिला नव्हता.

जाहिरात वाचून मुंबईहून निलमताई आल्या. साठीच्या बाई, पांढरे केस आखूड कापलेले, खिशात रंगाखालची पुट्टी ओळखायला लोहचुंबक. त्यांच्याकडे जुन्या चार गाड्या होत्या. त्यांनी मला बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवून पाहिले, उजवीकडे आणि मग डावीकडे. डावीकडे दोनदा वाजवले. सरांनी न विचारताच सांगून टाकले की सगळे कंपनीचेच आहे. निलमताईंनी दार उघडले, आत डोके घातले आणि एक मोठा श्वास घेतला.

"आणि हा चिकूचा वास? हाही कंपनीचाच का?"

सर हसले. घाईने त्यांनी किल्ली काढली.

नंतर सरांनी मला सुरू करायला घेतले आणि घाबरून चोक पूर्ण ओढला. माझ्या घशाशी पेट्रोल आले. मी सुरू होऊ शकत नव्हते. हा काही माझा सूड नव्हता, हे लक्षात घ्या. मला तेवढे अधिकार नाहीत. सरांनी नाइलाजाने काशीनाथला फोन केला. तासाभराने तो मोटारसायकलवरून आला आणि मागे यमुना बसलेली होती. गाडी जाणार म्हटल्यावर तिला एकदा पाहून घ्यायचे होते.

काशीनाथने बॉनेट उघडले. निलमताई त्याच्याशेजारी वाकल्या आणि त्यांनी सरळ विचारले की हे डावे मडगार्ड कोणी बनवले. सर म्हणाले, कंपनीने. काशीनाथने सरांकडे पाहिले. सर दुसरीकडे, कुंपणाकडे पाहत होते. काशीनाथ खाली मान घालून प्लग पुसत राहिला. बोल, असे मी त्याला माझ्या सगळ्या लोखंडानिशी म्हणत होते. तीन वर्षे तू ज्या एका वाक्याची वाट पाहिलीस, ते वाक्य तूच बोल. तो बोलला नाही. मला त्याचाही राग आला.

यमुना पुढे आली. तिने बॉनेटखाली हात घातला, त्या काळ्या डागावरून बोटे फिरवली आणि मग वळून अगदी साध्या आवाजात विचारले,

"सर, माझी मूठ कुठं गेली?"

निलमताईंनी विचारले, कसली मूठ? यमुनेने त्यांना सांगितले. जशी नव्या कणगीला देतो तशी ती नव्या पत्र्याला दिली होती, कारण पत्रा नवा होता, यांनी घरी ठोकलेला. तिला वाटले की बाईंना हे ठाऊकच असेल. सरांनी सांगितलेले असेल.

निलमताई ताठ उभ्या राहिल्या.

"पत्रा नवा आहे, म्हणून पन्नास हजार कमी," त्या म्हणाल्या. "खोटं बोललात, म्हणून एक लाख. साडेचार. आता आणखी काही लपवलं असेल तर आत्ताच सांगा, मास्तर, मी हिशेबात पक्की आहे."

सरांनी साडेचारला मान डोलावली. कागदांवर सह्या झाल्या. निलमताई आपल्या गाडीतले सामान काढून ती ड्रायव्हरबरोबर परत पाठवायला गेल्या तेव्हा सरांनी काशीनाथला बाजूला घेतले आणि दबक्या आवाजात विचारले की बायकोला आणायची काय गरज होती. काशीनाथ हात पुसत होता. त्याने फडके नीट घडी करून खिशात ठेवले.

"मी गप्पच होतो, सर. सांगणार तुम्ही होता."

मग त्याने चोक आत ढकलला, थोडा वेळ थांबला, आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झाले.

निघताना निलमताईंनी काच खाली करून त्याला नाव विचारले. जाहिरातीचा जो छापून आणलेला कागद त्यांच्या हातात होता, त्याच्याच मागे त्यांनी लिहिले: काशीनाथ, तलासरी. खाली फोन नंबर. कागदाची घडी केली आणि माझ्या समोरच्या कप्प्यात टाकली. यमुना रस्त्याच्या कडेला उभी होती. मला वाटले, झाले. शब्द उशिरा का होईना, पोहोचला.

आता २०१९ साल सरत आले आहे. परवा मुंबईत जुन्या गाड्यांचे प्रदर्शन होते. माझ्यापुढे एक सुबक पाटी उभी केली होती. तिच्यावर माझे साल, माझ्या कंपनीचे नाव आणि निलमताईंचे नाव होते. लोकांनी माझ्या डाव्या मडगार्डला टेकून फोटो काढले. एका शाळकरी मुलीने निलमताईंना विचारले की ही इतकी छान कोणी केली.

"तलासरीचा एक मिस्त्री आहे," निलमताई कौतुकाने म्हणाल्या. "हातात जादू आहे त्याच्या. नाव कुठंतरी लिहून ठेवलंय मी."

त्या माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या.

मित्रांनो, निलमताई खोटे बोलत नाहीत. म्हणून तर मला अधिक राग येतो. खोट्याला सँडपेपर लागतो, तो दिसतो, त्याची किंमत वसूल करता येते. विसरण्याला काहीच लागत नाही. तलासरीत काशीनाथ अजून ट्रकचे पाटे बदलत असेल. माझ्या माहितीत एकही जुनी गाडी त्याच्याकडे गेलेली नाही.

तुम्ही कधी अशा प्रदर्शनात आलात आणि फुगीर नाकाची, चिकूचा वास येणारी एक फियाट दिसली, तर माझ्या चकाकीचे कौतुक करू नका. मला पुसू नका, मी स्वच्छ आहे. दार उघडा. समोरचा कप्पा खाऱ्या हवेने जरा घट्ट झाला आहे. डावीकडे दाबून ओढला की उघडतो. आतला कागद काढा आणि त्याची जाहिरातीची बाजू वाचू नका, मागची वाचा. मोठ्याने वाचा.