धूर नव्हे, वाफ

माझा नवरा श्रीपाद रियाधमधल्या एका बँकेत कम्प्लायन्सचा प्रमुख आहे. म्हणजे इतर लोक नियम पाळतात की नाही हे बघण्याचा त्याला पगार मिळतो. घरी तो हेच काम फुकट करतो.

त्यामुळे आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे व्हिलांच्या बंदिस्त वसाहतीत, धूर समिती निघाली तेव्हा अध्यक्ष कोण होणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. रियाधला बारा महिने उकडतं असं समजणाऱ्यांनी जानेवारीत येऊन बघावं, दात वाजतात. इथल्या प्रत्येक व्हिलात काचेचं दार असलेली लोखंडी शेगडी आहे आणि छतावर तिचं धुराडं. नियम साधा. शेगडी पेटवल्यावर पहिली वीस मिनिटं धूर चालेल, नंतर दिसता कामा नये. एवढी गोष्ट श्रीपादने चौदा पानांत लिहिली. शिवाय लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र मागवलं. ते आलं त्या दिवशी त्याने लाकडाबरोबर माझ्या कोथिंबीरवड्यांचाही ओलावा मोजला. वड्या नापास झाल्या.

लाकूड मात्र रोज पास व्हायचं. बाहेरून आयात केलेलं, खणखणीत वाळलेलं. तरीही कंपाउंडात सगळ्यांत जास्त धूर निघायचा तो अध्यक्षांच्याच घरातून, आणि त्याला कारण साताऱ्याचा बंब. श्रीपादच्या लहानपणी टोपलीभर ढलप्यांवर सात जणांच्या आंघोळी व्हायच्या, हे मी लग्नापासून ऐकत आले आहे. लाकूड भडाभडा जळणं ही त्याच्या लेखी उधळपट्टी. मग तो दोन जाडजूड ओंडके आत ढकलायचा, हवेची झडप गच्च बंद करायचा आणि हात झटकत म्हणायचा, "दिला दम! आता झोपेपर्यंत बघायला नको."

बघायला खरंच काही नसायचं, कारण काच काळी ठिक्कर पडलेली असायची.

कंपाउंडची देखभाल करणारे जमालुद्दीन, आमचे जमालभाई, मूळचे म्हसळ्याचे. रोज मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर रजिस्टर घेऊन फेरी मारायची आणि कुठल्या घरातून धूर येतो ते लिहायचं, हे काम समितीने त्यांच्या गळ्यात घातलं होतं. पहिल्याच फेरीत ते आमच्या दारात थबकले.

"साहेब, दम बिर्याणीला द्यायचा," ते हसून म्हणाले. "लाकडाला दिलात तर ते घुसमटतं नि नुसता धूर ओकतं. बारीक फोडा, झडप उघडी ठेवा, चांगलं भडकू द्या. भडकलेल्या लाकडाला धूर नसतो."

श्रीपादने त्यांना ज्वलन या विषयावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. जमालभाईंनी ते उभ्याउभ्या ऐकून घेतलं आणि शेवटी अदबीने विचारलं, "मग तुमच्या घराचं काय लिहू?"

श्रीपादने वर पाहिलं. धुराड्यातून पांढरट लोट निघत होते. "हा धूर नाही, जमाल. लाकडातला ओलावा बाहेर पडतोय. वाफ आहे ती."

हे लाकूड त्यानेच सकाळी यंत्र टोचून कोरडं ठरवलं होतं. पण बाकी काही असो, माझा नवरा लेखी कामाला पक्का. जमालभाईंचा नंबर माझ्याकडे होता, म्हणून त्याने माझ्याच फोनवरून त्यांना मेसेज पाठवला: 'चौदा नंबर – धूर नव्हे, वाफ. रोज तशीच नोंद करणे. श्रीपाद.'

जमालभाईंनी एकोणीस दिवस वाफ लिहिली.

शेजारच्या पंधरा नंबरमध्ये अफनानबाई राहतात. त्यांच्या आईला दमा आहे. माझ्या नवऱ्याने शेगडीला दम द्यायचा आणि त्या म्हातारीने खोकत बसायचं, असं एकोणीस दिवस चाललं. त्यातून अफनानबाई शाळेत रसायनशास्त्र शिकवतात, त्यामुळे वाफ कशाला म्हणतात हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी फोटो काढला आणि कंपाउंडचे मॅनेजर अली यांना पाठवला.

अलींनी रजिस्टर उघडलं आणि त्यांचं डोकं फिरलं. नोंदी खोट्या होत्या आणि खाली जमालभाईंची सही होती. जमालभाईंचा करार महिनाअखेरीला संपत होता. तो वाढवायचा की खलास करून माणसाला घरी पाठवायचं, यावर अलींनी समितीचं मत मागितलं. करार गेला की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला. तिकडे म्हसळ्यात जमालभाईंच्या लेकीचं, फरहानाचं, फार्मसीचं शेवटचं वर्ष चालू होतं.

"तू सांगशील ना, तूच लिहायला सांगितलंस म्हणून?" मी जेवताना विचारलं.

"नोंद ज्याच्या हातची, जबाबदारी त्याची," श्रीपाद म्हणाला आणि वरण मागितलं. मला त्या क्षणी त्याची मनापासून लाज वाटली. वरण मी वाढलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी समितीची बैठक झाली, ती अर्थात आमच्याच दिवाणखान्यात. पाहुण्यांसाठी श्रीपादने शेगडी पेटवली आणि बैठक लांबणार म्हणून झडप बंद केली. अली आणि अफनानबाई सोफ्यावर बसले. जमालभाई रजिस्टर छातीशी धरून दाराशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"धूर होता तर वाफ का लिहिलंत?" अलींनी विचारलं.

जमालभाईंनी एकदा श्रीपादकडे पाहिलं. श्रीपाद आपल्या चौदा पानांतलं सातवं पान शोधत होता.

"नजर कमजोर झालीय," जमालभाई म्हणाले. "चूक माझी आहे."

खिशातला फोन काढून दाखवला असता तर ते सुटले असते. पण हा माणूस आपल्या मुलखातल्या साहेबाची अब्रू सांभाळत उभा होता, आणि साहेब पान उलटत होता.

मी उठले. "कहवा बाहेर अंगणात घेऊ या," मी म्हटलं. थंडीत कुणाला बाहेर जायचं नव्हतं, पण यजमानीणबाईंना नाही कसं म्हणणार? सगळे कप घेऊन बाहेर आले. वर आमचं धुराडं एखाद्या वीटभट्टीसारखं धुमसत होतं. अफनानबाई खोकल्या. जमालभाईंनी मान खाली घातली.

"वर बघा, जमालभाई. काय दिसतंय?"

"वहिनी, राहू द्या ना," ते पुटपुटले.

मग मी माझा फोन काढला, मेसेज उघडला आणि इंग्रजीत भाषांतर करून मोठ्याने वाचला. तारीख वाचली, वेळ वाचली. शेवटी श्रीपादचं नाव वाचलं आणि फोन अलींच्या हातात दिला. श्रीपाद म्हणाला, "विभावरी, ही अंतर्गत बाब आहे."

अलींनी जमालभाईंचा करार वाढवायला तिथेच होकार दिला. आमच्या शेगडीला मात्र पूर्ण हिवाळ्यासाठी सील लागणार होतं, आणि अशा नोटिशीवर सही अध्यक्षांची लागते. हा नियम पान अकरावर आहे, श्रीपादनेच घातलेला.

तो जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरत बसला. घर क्रमांक चौदा. धूर : आहे. या वेळी वाफ लिहिली नाही. मग तक्रारदाराच्या रकान्यात त्याने माझं पूर्ण नाव लिहिलं, सुवाच्य अक्षरात. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. माझं म्हणणं त्याने नोंदवून घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.