बत्तिसावी चिठ्ठी

सातवीच्या बाई दरवर्षी वर्गाला एक कादंबरी शिकवत, आणि दरवर्षी तीच. अकरा वर्षांत साडेतीनशे पोरांनी ती वाचली होती. शाळेच्या प्रतींच्या कडा हाताळून हाताळून मऊ पडल्या होत्या, तरी बाईंचा काही त्या पुस्तकावरून जीव उडाला नव्हता.

मूळ परीकथा पोरांना तोंडपाठ असायची. राजाची नवी राणी सावत्र मुलीला शंभर पायऱ्यांच्या मनोऱ्यात कोंडते, रोज वर चढते, दाराला कान लावते आणि मुलीचे श्वास चोरून स्वतःचं आयुष्य वाढवते. शेवटी राजपुत्र येतो, राणीचे बारा वाजतात आणि सगळे सुखाने नांदतात. कादंबरीने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगितली होती. गावात तापाची साथ आहे. आई गेलेली मुलगी रुसून स्वतःच मनोऱ्यात जाऊन बसली आहे. राणी रोज शंभर पायऱ्या चढते, ताट दाराशी ठेवते, पोरीला ताप तर नाही ना म्हणून तिचा श्वास ऐकते आणि गुपचूप उतरून जाते. खाली गावाला फक्त पावलं ऐकू येतात. आणि गावाचं काय, दोन पावलांच्या आवाजावरून अख्खी चेटकीण उभी करायला त्याला कितीसा वेळ लागतो!

नवव्या प्रकरणात हे उलगडायचं, आणि त्या दिवशी वर्गाचं जे व्हायचं ते बघून बाईंच्या अंगावर अकराही वर्षं काटा आला होता. एरवी एका जागी बूड न टेकणारी कार्टी पुस्तकात नाक खुपसून गप्प व्हायची. कोणीतरी हळूच मागची पानं उलटायचं, पहिल्या प्रकरणातली पावलं पुन्हा वाचायला. शिकवणं शिकवणं म्हणतात ते हेच असेल, तर त्यात आपण काहीच करत नाही, असं बाईंना अशा वेळी वाटायचं.

पुस्तक संपलं की खुर्चीचा तास. बाई खडूच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकत. जितकी मुलं तितक्या चिठ्ठ्या. पात्रं तेवढी कुठून आणायची? म्हणून ताट, कंदील, घुबड, चाळिसावी पायरी, दाराची कडी अशी सगळी मंडळी कामाला लावलेली असत. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि तो तास ते होऊन बसायचं. मग एकेकाने फळ्यापुढच्या खुर्चीत यायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. खुर्चीचे नियम दोनच. बोलताना ‘मी’ म्हणायचं, आणि प्रश्न टाळायचा नाही.

यंदा मात्र बाई आठवडाभर धास्तावलेल्या होत्या. कारण यंदा सातवीत मनी होती.

मनी हे बापाने ठेवलेलं नाव, पायांचा आवाज न करता चालते म्हणून. बाप पुलांची तपासणी करणारा, आठवड्यातले पाच दिवस बाहेरगावी. दोन वर्षांपूर्वी बाईंनी त्याच्याशी लग्न केलं तेव्हा मनी दहा वर्षांची होती आणि तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. पोर भांडली नाही, रडली नाही. तिने नव्या बाईला हाकच मारली नाही. वर्षभर ‘अहो’ नाही की ‘ए’ नाही, थेट वाक्यालाच सुरुवात. सातवीत आल्यावर तिची सोय झाली. सगळा वर्ग बाई म्हणायचा, तीही बाई म्हणू लागली. शाळेत आणि घरीही. “बाई, मीठ द्या.” बाई मीठ द्यायच्या. तक्रार कशाची करणार? घरात आपल्याला कुठलंतरी नाव मिळालं, यातच त्या समाधान मानत होत्या.

आता या पोरीपुढे सावत्र राणीचं पुस्तक! ते गाळावं असं बाईंच्या शंभरदा मनात आलं. पण गाळलं तर का गाळलं हे सगळ्यात आधी मनीलाच कळलं असतं. म्हणून पुस्तक शिकवलं. नववं प्रकरण वाचताना त्यांनी मागच्या बाकाकडे एकदाही बघितलं नाही. आणि खुर्चीच्या तासाच्या आदल्या दिवशी बत्तीस चिठ्ठ्या लिहून झाल्यावर त्यांनी त्यातली ‘राणी’ उचलून जाकिटाच्या खिशात टाकली. हिशोब सोपा होता. एक मुलगा गालगुंडाने चार दिवस घरी होता, म्हणजे पोरं एकतीस. राणीवाचून कोणाचं काही अडणार नव्हतं, आणि मनीच्या हातात ती चिठ्ठी येण्याची भीतीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तास सुरू होतो न होतो तोच गालगुंडवाला दारात उभा. गाल अजून टरारलेले, चेहरा मात्र आनंदी. “बाई, खुर्ची चुकेल म्हणून आलो!”

बाईंचा हात खिशाकडे गेला. पण खोका पहिल्या बाकावरून निघाला होता. गालगुंडवाल्याला ताट मिळालं. एका उंच मुलीला चाळिसावी पायरी मिळाली आणि ती हिरमुसली. वर्गात ज्याला सगळे वकील म्हणत, त्या चष्मेवाल्याला कडी मिळाली. खोका शेवटच्या बाकावर मनीपाशी पोचला. तिने हात घातला, चाचपडला, आणि खोका उलटा करून दाखवला.

“एखादी कमी लिहिली गेली असेल,” बाई म्हणाल्या. अकरा वर्षांत या वर्गात त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या.

“एक मिनिट, बाई,” वकील उठलाच. “कोणाकोणाकडे काय आहे ते सांगा रे.” पोरं सांगत गेली आणि तो बोटांवर मोजत गेला. राजा आहे, राजपुत्र आहे, वैद्य आहे, मनोऱ्यातली मुलगी आहे, घुबडं तर दोन आहेत. मग तो थांबला. त्याच्या लक्षात आलं होतं, आणि ते आधी लक्षात आलं असतं तर बरं झालं असतं, हेही त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वर्गातल्या प्रत्येकाला मनीच्या घरचं माहीत होतं.

“राणी राहिली,” मनी म्हणाली. “म्हणजे ती माझी.”

“आज राणी नको,” बाई घाईने म्हणाल्या. “तू माझ्याबरोबर प्रश्न...”

पण पोर निघालीसुद्धा होती. नेहमीसारखी, पाऊल न वाजवता. फळ्यापुढच्या खुर्चीत ती पाठ ताठ करून बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, “मी राणी. विचारा.”

बाई खिडकीला टेकून उभ्या राहिल्या. आता ही काय बोलेल? बत्तीस, नव्हे एकतीस जणांसमोर, प्रश्न न टाळता? दोन वर्षांत जे घरात बोलली नाही ते इथे बोलली, तर घर कुठल्या तोंडाने चालवायचं?

पहिला प्रश्न ताटाने विचारला, गाल सांभाळत. “राणीसाहेब, तुम्ही माझ्यात रोज काय वाढायचा?”

“तिला आवडेल ते.”

“काय आवडतं ते कसं कळायचं? ती तर बोलायचीच नाही.”

मनीने जरा विचार केला. “ताट परत आलं की मी बघायचे काय उरलंय. जे उरलं ते पुन्हा करायचं नाही. जे चाटूनपुसून संपलं ते दोन दिवसांनी परत करायचं. लागोपाठ नाही. लागोपाठ केलं तर तिला कळेल ना, मी बघते ते.”

हे पुस्तकात नव्हतं. बाईंना पुस्तकाची ओळन् ओळ पाठ होती, त्यात हे कुठेच नव्हतं. हे त्यांच्या ओट्यावर होतं. रोज दुपारी मनीचा डबा उघडून त्या हेच करत आल्या होत्या, आणि ही गोष्ट जगात आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही अशी त्यांची खात्री होती.

“मी चाळिसावी पायरी,” उंच मुलगी म्हणाली. “रोज चढून गुडघे दुखत नाहीत का?”

वर्ग हसला. मनीही हसली. “दुखतात. पण आवाज झाला तर ती जागी होईल, म्हणून मी शेवटच्या वळणावर चपला काढते. हातात घेते. थांबते, ऐकते, आणि तशीच परत जाते.”

बाईंनी आपल्या पायांकडे बघितलं. रोज जेवणं झाल्यावर मनीच्या खोलीबाहेर त्या अशाच अनवाणी उभ्या राहत. आत पानं उलटल्याचा आवाज यायचा, कधी खोकला, कधी नुसता श्वास. ते ऐकून पोर ठीक आहे एवढं कळायचं आणि झोप लागायची. आपण बाहेर उभं राहून हिला ऐकतो, एवढंच त्यांना माहीत होतं. आतून ही पोर त्यांना वाचत होती, एकेक ओळ, आणि एकही पान गाळलं नव्हतं. बारा वर्षांच्या जिवात एवढं मावतं तरी कसं?

“टकटक का नाही केली?” कोणीतरी मागून विचारलं. “एवढं वर चढायचं आणि टकटक नाही?”

या प्रश्नावर मात्र मनी गप्प झाली. इतका वेळ गप्प, की वकिलाने आठवण करून दिली, “प्रश्न टाळायचा नाही हं.”

“टाळत नाहीये,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. “टकटक केली की आतून विचारतात, कोण. मग मी काय सांगू? राणी म्हणू? ती मला राणी म्हणत नाही. आई म्हणू? आई तिची होती, एक. तो शब्द तिच्याकडे ठेवलेला आहे, मी कसा घेऊ? म्हणून मी नुसती उभी राहते.”

बाईंनी डोळे पुसले नाहीत, कारण पुसले असते तर पोरांना दिसलं असतं. त्यांना जे सांगता आलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, ते त्या पोरीने त्यांच्या जागी बसून जसंच्या तसं सांगितलं होतं.

तेवढ्यात वकील पुन्हा उठला. भावनांचं आणि त्याचं फारसं जमत नसे. “मी कडी. माझा एकच प्रश्न. मी आतून लागलेली होते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“म्हणजे?” मनी गोंधळली.

“तुम्ही दार कधी ढकलून बघितलंत?”

“नाही.”

“एकदाही नाही?”

“नाही.”

“मग मी लागलेली होते हे तुम्ही धरूनच चाललात! प्रकरण दोन काढा सगळ्यांनी,” वकील म्हणाला, आणि एकदम सगळ्या वर्गाची पानं फडफडली. “लिहिलंय काय? ‘मुलीने कडीवर हात ठेवला.’ बास. लावली असं कुठे आहे? चिठ्ठी मिळाल्यापासून मी पुस्तकात तेच शोधतोय. कुठेच नाही.”

बाईंनी टेबलावरची आपली प्रत उघडली. पान अठरा. मुलीने कडीवर हात ठेवला आणि खाली पायऱ्यांकडे कान दिला. एवढंच. पुढच्या ओळीत राणी चढू लागते. अकरा वर्षं हे पान त्यांनी मोठ्याने वाचलं होतं, साडेतीनशे पोरांना ‘तिने कडी लावून घेतली’ असं समजावलं होतं, परीक्षेत त्यावर प्रश्न घातला होता आणि उत्तराला गुण दिले होते. कडी कोणी लावलीच नव्हती. ते दार पुस्तकभर नुसतं लोटलेलं होतं. बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या, आणि घंटा झाली ती त्यांना ऐकूच आली नाही.

पोरं आरडाओरडा करत बाहेर पडली. मनी खुर्चीतून उठून टेबलापाशी आली आणि तिने तळहात पुढे केला. “बाई, माझी चिठ्ठी.”

बाईंनी खिशातून चिठ्ठी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने ती बघितलीही नाही, दप्तराच्या आतल्या कप्प्यात घातली आणि निघून गेली.

संध्याकाळी बाई घरी पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. मनीच्या खोलीचं दार बंद होतं आणि खालच्या फटीतून उजेड येत होता. बाईंनी सवयीने खोलीकडे जाणाऱ्या वळणावर चपला काढल्या. मग थांबल्या, आणि परत पायात घातल्या. त्या चार पावलांचा आवाज त्यांना स्वतःलाच केवढातरी मोठा वाटला. दारापाशी उभं राहून त्यांनी हात उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला. पहिल्या दिवशी पहिल्या वर्गासमोर उभ्या राहिल्या तेव्हासुद्धा त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या.

त्यांनी टकटक केली.

आत पान उलटण्याचा आवाज थांबला. “कोण?”

सगळी नावं एकामागून एक डोक्यात येऊन गेली, पण एकही तोंडातून निघेना. शेवटी खुर्चीचा नियम तेवढा आठवला.

“मी,” त्या म्हणाल्या.

आत पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

“मग ये ना,” मनीचा आवाज आला. “कडी मी कधी लावतच नाही.”