पिशवी काढायची न्हाई

राजेश्वरीच्या अंगावरून जायला लागलं की थांबायचं नावच घेत नसे. आटपाडीच्या बाजारातून घरी येताना तिला वाटेत टेकावं लागायचं. तालुक्यातल्या डॉक्टरनं रक्त तपासलं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट भरपूर आहेत म्हणाला आणि उभ्या उभ्या निकाल दिला, "पिशवी काढून टाकू."

सासू मनुबाई लगेच कबूल झाली. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या पिशव्या अशाच गेलेल्या. फौजेतला नवरा फोनवर म्हणाला, "आई म्हणती तसं कर."

"न्हाई," राजेश्वरी म्हणाली. "प्लेटलेट चांगल्या हाईत, तर रगत का थांबंना? ते कळल्याबिगर मी टेबलावर चढणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती सांगलीच्या एसटीत बसली. मनुबाई रागावली होती, पण शेजारी येऊन बसली. असल्या अवस्थेत सुनेला एकटी सोडवेना.

सांगलीच्या डॉक्टर क्षमाताईंनी सोनोग्राफी केली. पिशवी चांगली होती. हिमोग्लोबिन मात्र पार तळाला गेलेलं.

"हार्मोन बिघडल्यानं रक्तस्राव सुरू झाला," त्या म्हणाल्या. "पण तांबड्या पेशीही रक्त थांबवायला मदत करतात. त्या नसेतून मधोमध वाहतात आणि बारक्या प्लेटलेटना कडेला ढकलतात. जखम कडेलाच असते ना? तुमचं हिमोग्लोबिन उतरलंय, म्हणजे तांबड्या पेशीच कमी पडल्यात. प्लेटलेट आहेत, पण त्यांना जखमेपाशी रेटणारं कुणी नाही."

"म्हंजे रगत गेलं, म्हणून आणखी जातंय?"

"हो."

"आन् पिशवी?" मनुबाईनं विचारलं.

"तिचा काही दोष नाही."

राजेश्वरीला रक्त चढवलं, हार्मोनच्या आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. स्राव उतरत गेला. पुढची पाळी आली आणि वेळेत थांबली. नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "माझ्या अंगाचं आता मला इचारत जावा."

पुढं कळलं, शेजारच्या शिवांजलीलाही तालुक्यातल्या त्याच डॉक्टरनं पिशवीच्या ऑपरेशनची तारीख दिलीय. राजेश्वरीनं तिचा हात धरला आणि थेट त्याचा दवाखाना गाठला. बाकावरच्या सगळ्या बायका ऐकत होत्या.

"आवं डॉक्टर, हिचं हिमोग्लोबिन किती हाय?"

"तुम्ही कोण विचारणार?"

"हिची शेजारीण. सांगा की."

डॉक्टर कागद उलटेपालटे करत राहिला. तेवढ्यात मनुबाई दारातून आत आली, बाकावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "सांगा सावकाश. आमी बसलोय."